दूरच्या यंत्राची किल्ली



मागील महिन्यात या सदराच्या एका वाचकांचा दूरध्वनी आला. त्यांच्या पेढीचे हिशेब भाड्याने घेतलेल्या एका सर्व्हरवर चालतात. त्यावर विंडोज सर्व्हरची २०१६ ची आवृत्ती असून तिला मिळणारे सुरक्षेचे पाठबळ १२ जानेवारी २०२७ रोजी संपणार आहे, तेव्हा वेळेत नवी आवृत्ती घ्यावी, अशी सूचना त्यांना भाड्याने यंत्र देणाऱ्या कंपनीकडून आली होती. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, "एका रविवारात होईल ना हे?" मी त्यांना तेव्हा सरळ उत्तर दिले नाही. आमच्या ताईच्या घरी याच कामात काय काय घडले, ते सांगितले. ते ऐकून, हे सदरात लिहा, असा त्यांनी आग्रह धरला. ताई आणि दाजी यांच्या संमतीने लिहीत आहे.

दाजींची सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत पेढी आहे. बेदाण्यासाठी तासगावला एक दुकान आणि विक्रीसाठी वाशीला एक गाळा. तिन्ही ठिकाणचे हिशेब पूर्वी वेगवेगळे ठेवले जात आणि महिनाअखेरीस एकत्र जुळवताना दिवाणजींच्या नाकी नऊ येत. म्हणून २०१५ साली एक सर्व्हर भाड्याने घेण्यात आला. सर्व्हर म्हणजे एक मोठा संगणकच. फक्त तो आपल्या दुकानात नसतो. नवी मुंबईच्या एका डेटा सेंटरमध्ये, थंड केलेल्या खोलीत, शेकडो अनोळखी यंत्रांच्या शेजारी तो असतो आणि आपण इंटरनेटवरून त्याच्यात शिरून काम करतो. शेतकऱ्याची उचल, त्याची पट्टी, खरेदीदाराची उधारी, हमाली, तोलाई, सारे त्या एका यंत्रात. वाशीच्या गाळ्यापासून ते यंत्र काही किलोमीटरच असेल, पण तेथे जाऊन त्याला हात लावण्याची सोय नाही. नऊ वर्षे होत आली, आमच्यापैकी कोणीही ते पाहिलेले नव्हते.

त्या यंत्रावर विंडोज सर्व्हर २०१२ आर-टू ही आवृत्ती होती. तिचे पाठबळ १० ऑक्टोबर २०२३ रोजी संपले. संपले म्हणजे यंत्र बंद पडते असे नव्हे. ते पूर्वीसारखेच चालते. फक्त त्यात पुढे जे दोष सापडतील, ते बुजवणारी दुरुस्ती येणे थांबते. इंटरनेटवर उघड्या असलेल्या यंत्राच्या बाबतीत ही गोष्ट गंभीर असते, कारण असे दोष शोधून, सारा हिशेब कुलूपबंद करून खंडणी मागणारे लोक जगभर आहेत. दाजींचे म्हणणे मात्र वेगळे होते. "चालतंय ना? मग चालत्या गाड्याला हात कशाला लावायचा?" या प्रश्नाला तंत्रज्ञ मंडळी हसतात. मी हसलो नाही. छत्तीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला ठाऊक असते की बिघाडांपैकी कित्येक सुधारणा करतानाच होतात. दाजींची भीती खरी होती, पण कारण पुरेसे नव्हते.

सुधारणेचे दोन मार्ग होते. पहिला, त्याच यंत्रावर जुनी आवृत्ती काढून नवी चढवायची. यात भाडे वाचते आणि काम थोडक्यात होते, म्हणून भाच्याचा ओढा तिकडे होता. पण ज्या दारातून आपण आत शिरतो, ते दार त्याच यंत्राचा भाग आहे. नवी आवृत्ती चढताना यंत्र अनेकदा बंद होऊन पुन्हा सुरू होते आणि त्या प्रत्येक वेळी आपला संबंध तुटतो. दुकानातला संगणक असता तर पडद्यावर काय दिसते ते पाहिले असते. येथे पडदाच आपल्याजवळ नाही. यंत्र परत येईल की नाही, हे अंधारात बसून पाहायचे. बसल्या फांदीवर कुऱ्हाड चालवण्यासारखेच हे. दुसरा मार्ग, शेजारी नवे यंत्र भाड्याने घ्यायचे, त्यावर सारे मांडून, तपासून, मग एका रात्री हिशेब तिकडे हलवायचा. जुने यंत्र जसेच्या तसे राहू द्यायचे. दोन-तीन महिने दुहेरी भाडे जाते. मी दुसऱ्या मार्गाचा आग्रह धरला. आमची शाखा कोअर बँकिंगवर गेली, तेव्हा जुन्या यंत्रणेतील शिलका कागदावर छापून तिजोरीत ठेवल्या होत्या आणि नव्या यंत्रणेतील आकडे त्यांच्याशी जुळल्याशिवाय सोमवारी काउंटर उघडायचा नाही, असा आदेश होता. ते सारे माझ्या डोळ्यांपुढे होते.

दिवस कोणता निवडावा, यावरही चर्चा झाली. दहा तारखेनंतर पाठबळ नाही, अकरा तारखेला जीएसटीआर-१ भरायचे, वीस तारखेला ३बी. सप्टेंबरची वीस तारीख उलटल्यानंतरचे दिवस मोकळे होते, पण त्यातच दशलक्षण पर्व आले. दाजी म्हणाले, "अनंत चतुर्दशीला पेढी बंदच असते, तेव्हाच उरका." मला ते पटले नाही. पेढी ज्या कारणासाठी बंद ठेवायची, तेच बाजूला सारून भाच्याला रात्रभर यंत्रापुढे बसवायचे, यात अर्थ नव्हता. शेवटी शनिवार, ३० सप्टेंबरची रात्र ठरली. रविवार सुटीचा आणि सोमवारी गांधी जयंती. चुकलेच तर सुधारायला दोन दिवस हाताशी. हळदीचा आणि बेदाण्याचा हंगामही तेव्हा नव्हता.

त्याआधीचे काम बॅकअपचे. डेटा सेंटरवाले बॅकअप घेतात, असे भाचा म्हणे. मी विचारले, तो परत भरून कधी पाहिला आहे का? उत्तर नव्हते. बँकेत आम्ही तिजोरीची दुसरी किल्ली दुसऱ्या शाखेत ठेवत असू आणि ती कुलपात फिरते की नाही हे ठरावीक काळाने पाहत असू. एक प्रत सांगलीत आणायची ठरली. सारा साठा भरला ९० जीबी. दुकानाचे इंटरनेट प्रत्यक्षात २० एमबीपीएसच्या वेगाने चाले. गुणाकार-भागाकार केल्यावर दहा तास निघाले; म्हणजे रात्री नऊला सुरू केले तर सकाळी सात वाजणार, तेही मध्ये वीज गेली नाही तर. मग मी भाच्याला म्हटले, या ९० मध्ये आहे तरी काय ते पाहू. हिशेबाचा खरा मजकूर अवघा चार जीबी निघाला. स्कॅन केलेली बिले अकरा. आणि 'नवीन बॅकअप अंतिम' अशा नावाच्या कप्प्यात ताईच्या मोठ्या मुलीच्या लग्नाचे पूर्ण चित्रीकरण, दोनदा. अपरिग्रहावरील प्रवचने आमच्या घरात सर्वांनी ऐकलेली आहेत; यंत्रातल्या परिग्रहाकडे मात्र कोणाचे लक्ष गेले नव्हते. चित्रीकरणाची एक प्रत हार्ड डिस्कवर घेतली, दुसरी काढून टाकली. येथे एक सावधगिरी सांगतो. साफसफाईच्या उत्साहात जुन्या वर्षांचे हिशेब काढू नयेत. जीएसटीच्या कायद्याप्रमाणे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या देय तारखेपासून ७२ महिने कागदपत्रे जपावी लागतात. पेढी कंपनी म्हणून नोंदलेली असेल, तर हिशेबाचा बॅकअप दररोज भारतातील सर्व्हरवर ठेवणेही बंधनकारक आहे.

ती चार जीबीची प्रत दुकानातील एका जुन्या संगणकावर उघडून पाहिली. उघडली. त्या दिवसापासून मला झोप नीट लागली.

शनिवारी सायंकाळी मी सांगलीला पोहोचलो. सूर्यास्तापूर्वी जेवणे झाली होती, त्यामुळे रात्री चहाचाही आधार नव्हता. संगणकाची कामे पाहणाऱ्या तरुणापुरता ताईने थर्मास भरून ठेवला. साडेआठला सर्वांना काम थांबवायला सांगितले. सर्वांनी थांबवले, पण यंत्रात पाहिले तर तासगावचा एक जण अजून आत. फोन केला तर तो घरी जेवायला बसलेला. त्याने रोजच्याप्रमाणे वर कोपऱ्यातील फुली दाबली होती. फुली दाबली की आपल्या समोरची खिडकी जाते, पण तिकडे यंत्रात आपले काम उघडेच राहते. लॉग-ऑफ करावे लागते. नऊ वर्षे तो फुलीच दाबत होता. उघड्या वहीची नक्कल काढली असती तर शेवटचे पान अर्धवट आले असते. त्याचे काम बंद केले, तेरीज पत्रक छापून घेतले, आणि मग मजकूर नव्या यंत्रात गेला. दोन्ही यंत्रे एकाच इमारतीत असल्याने त्याला काही मिनिटेच लागली. दहा वाजता भाचा म्हणाला, "मामा, झालंच की!"

मग नव्या यंत्राने काही दुरुस्त्या घेतल्या आणि ते स्वतःला बंद करून पुन्हा सुरू करू लागले. पाच मिनिटे झाली, पंधरा झाली, चाळीस झाली. दार उघडेना.

तो तरुण हुशार होता. त्याने अंदाज बांधला की यंत्र चालू आहे. पुन्हा सुरू होताना त्याने आपले जाळे परके मानले आणि बाहेरून येणाऱ्यांना दार लावून घेतले. आत जाऊन एक खूण बदलली की झाले. पण आत जायचे कसे? यासाठी भाड्याने यंत्र देणाऱ्या कंपन्या एक मागचे दार ठेवतात. त्यांच्या संकेतस्थळावर आपल्या खात्यात शिरले की यंत्राचा पडदाच जणू आपल्यासमोर येतो. पासवर्ड भाच्याजवळ होता. पण अनोळखी ठिकाणाहून कोणी शिरत आहे असे दिसल्याने त्या खात्याने ओटीपी मागितला. शेवटचे दोन अंक दिसत होते. ते आमच्यापैकी कोणाच्याच क्रमांकाचे नव्हते.

ते अंक पाहून ताई म्हणाली, "हा तर दिवाणजींचा नंबर."

२०१५ साली ते खाते दिवाणजींनी उघडले होते. तेच सारे पाहत, म्हणून त्यांनी सहजपणे आपला क्रमांक दिला होता. दोन वर्षांपूर्वी ते पेढी सोडून गेले होते. रोकडीत साडेसहा हजारांचा फरक निघाला, त्यावरून दाजी बोलू नये ते बोलले आणि एकोणीस वर्षे काम केलेला माणूस दुसऱ्या दिवशी आला नाही. पुढे तो फरक सापडला. वाशीच्या गाळ्यातील एक व्हाउचर दोनदा लिहिले गेले होते. पण तो सापडल्याचे दिवाणजींना कोणी कळवले नव्हते. मला हे त्या रात्री प्रथमच समजले.

जुने यंत्र शाबूत होते, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. आम्ही काहीही न करता झोपलो असतो तरी मंगळवारी पेढी जुन्यावर चालली असती. पहिला मार्ग धरला असता तर मात्र त्या बंद दारामागे सतरा वर्षांची उचल आणि उधारी असती. तरीही खाते आपल्या हाती नाही, याचा अर्थ जुने यंत्रही आपल्या हाती नाही. ही गोष्ट ज्या क्षणी दाजींच्या ध्यानात आली, तेव्हा ते काही बोलले नाहीत. दशलक्षण पर्व नुकतेच संपले होते आणि भाच्याच्या फोनवर क्षमावाणीचे संदेश अजून येत होते. आमच्याही पेढीतर्फे तीनशेच्या वर व्यापाऱ्यांना संदेश गेला होता. त्या यादीत दिवाणजी नव्हते.

रात्रीचे अकरा वाजून गेले होते. मी फोन करतो म्हटले, भाचाही तयार होता. दाजींनी हात पुढे केला. त्यांनी ओटीपीचा विषयच काढला नाही. आधी व्हाउचरचे सांगितले, तारखेसह. मग बराच वेळ पलीकडचे ऐकत राहिले. काय बोलणे झाले ते मी येथे लिहिणार नाही. तोपर्यंत मागवलेल्या ओटीपीची मुदत संपून गेली आणि तो पुन्हा मागवावा लागला. पावणेबाराला सहा अंक मिळाले, त्या तरुणाने मागच्या दारातून जाऊन खूण बदलली, आणि नवे यंत्र उघडले. खात्यातील क्रमांक बदलण्यासाठीही जुन्याच क्रमांकावर पुन्हा एक ओटीपी गेला. तोही त्यांनी दिला.

त्या रात्री मी एका कागदावर विचारत गेलो आणि भाचा उत्तरे देत गेला. संकेतनाम कोणाच्या नावावर आहे? हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा परवाना कोणत्या ईमेलवर नोंदलेला आहे? तो परवाना जुन्या यंत्रावरून सोडवून घेतल्याशिवाय नव्यावर लागत नाही, आणि त्याची किल्ली त्या ईमेलवर येते. तो ईमेलही दिवाणजींच्याच वेळचा होता. सुदैवाने त्याचा पासवर्ड देव्हाऱ्याशेजारच्या वहीत होता. आपल्या व्यापारी घरांत तिजोरीची किल्ली कोणाच्या कमरेला असते हे लहान मुलालाही माहीत असते. या किल्ल्यांची चौकशी मात्र माणूस निघून गेल्यावर होते.

याच ओघात एक परदेशी उदाहरण आठवते. ब्रिटनमधील टीएसबी या बँकेने एप्रिल २०१८ मध्ये आपल्या ग्राहकांची खाती एका नव्या यंत्रणेवर हलवली. ती यंत्रणा चालवणारी कंपनी बँकेच्याच समूहातील होती, तरी बँकेच्या दृष्टीने यंत्रे दूरची आणि दुसऱ्याच्या हातातली होती. दोन डेटा सेंटरे सारखीच आहेत असे मानून भार पेलण्याची चाचणी त्यांपैकी एकावरच झाली. बावन्न लाख ग्राहकांपैकी मोठ्या संख्येला त्रास झाला, कामकाज पूर्वपदावर यायला डिसेंबर उजाडला, आणि डिसेंबर २०२२ मध्ये नियामकांनी बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंड दंड केला. पुढे तंत्रज्ञानाच्या प्रमुखांनाही वैयक्तिक दंड झाला, तो काम करणाऱ्या कंपनीची तयारी पुरेशी तपासली नाही म्हणून. 'त्यांनी तयार आहे असे सांगितले होते' हा बचाव मोठ्या बँकेलाही पुरला नाही.

रविवारी तेरीज जुळवली. पैन्पै जुळली. पण नवे यंत्र अमेरिकेच्या रीतीने मांडलेले होते. कोट्यवधींची रक्कम लाख-कोटीच्या स्वल्पविरामांऐवजी दशलक्षांत दिसे, हे एक वेळ चालेल. तारखेत मात्र महिना आधी आणि दिवस नंतर. एक्सेलमधून उधारीची यादी घेतली तर मे महिन्याची चार तारीख एप्रिलची पाच होऊन बसली. उधारीवर दिवसांप्रमाणे व्याज लागते, हे वाचकांना सांगायला नको. घड्याळ साडेपाच तास मागे होते. पहाटे पाच वाजता काढलेल्या बिलावर आदल्या दिवसाची तारीख पडली असती. आणि २००९ पूर्वीच्या सर्व शेतकऱ्यांची नावे इंग्रजी अक्षरांचा चुरा होऊन दिसू लागली. तेव्हाची नावे युनिकोडमध्ये नव्हेत, एका जुन्या मराठी फॉन्टमध्ये टंकलेली होती, आणि तो फॉन्ट नव्या यंत्रावर नव्हता. जुने यंत्र हाताशी असल्यामुळे तो तेथून उचलता आला. रकमा जुळल्या म्हणून मी समाधानाने चष्मा काढून ठेवला असता, तर कोणाची रक्कम ते वाचता आले नसते.

सोमवारचा दिवस छपाईयंत्रांनी खाल्ला. दुकानातील संगणकांवर सर्व्हरचे नाव न देता थेट क्रमांक घातलेला होता, त्यामुळे तिन्ही ठिकाणचे चौदा संगणक फोनवर सांगून एकेक बदलावे लागले. वाशीचे डॉट मॅट्रिक्स यंत्र पट्टी अर्ध्या पानावर कापू लागले, ते मंगळवारी दुपारी सरळ झाले. जुने यंत्र आम्ही डिसेंबरअखेरपर्यंत भाड्याने ठेवले. भाच्याला ते भाडे खटकत होते; दाजींना नाही.

येथे गोष्ट संपायला हवी होती. पण सर्व्हरवर एका वेळी अनेकांनी काम करायचे तर माणशी वेगळा परवाना लागतो. नव्या यंत्राला १२० दिवसांची सवलत असते, तोवर परवान्यावाचून चालते. त्या तरुणाने हे सांगितले होते. भाच्याने ऐकलेही होते. जानेवारीच्या अखेरीस एका सकाळी, नव्या हळदीचे सौदे सुरू असताना, यंत्राने दोघांखेरीज कोणालाही आत घेण्याचे नाकारले. परवाने विकत घेऊन लागेपर्यंत दुपारचे तीन वाजले. तोवर शेतकरी खोळंबले होते. दाजींनी कपाटातून छापील पट्टीपुस्तके काढली, मी योगायोगाने सांगलीतच होतो, आणि आम्ही दोघे गादीवर बसून कार्बन घालून पट्ट्या लिहीत राहिलो. एकूण एक्केचाळीस झाल्या. सायंकाळी त्या यंत्रात भरताना दोन चुका सापडल्या. त्यांतील तोलाईची चूक माझी होती.